‘मूळ’ गाडीची अंधश्रद्धा

जुन्या स्पोर्ट्स कारच्या जाहिरातींमध्ये दोन विशेषणे हटकून एकमेकांच्या शेजारी येतात. पहिले ‘संपूर्णपणे मूळ’ आणि दुसरे ‘अगदी नव्यासारखी’. साठ वर्षांपूर्वी कारखान्यातून बाहेर पडलेली, पावसात भिजलेली, मिठाच्या रस्त्यांवरून धावलेली पोलादी वस्तू एकाच वेळी मूळही असते आणि नव्यासारखीही असते, हे विधान तर्काच्या साध्या कसोटीलाही उतरत नाही. ती मूळ असेल तर तिच्यावर साठ वर्षांच्या खुणा असल्या पाहिजेत, आणि ती नव्यासारखी असेल तर कुणीतरी त्या खुणा पुसलेल्या आहेत. तरीही या दोन विशेषणांच्या बेरजेवर लाखो पौंडांचे व्यवहार होतात, आणि ग्राहक ही बेरीज गणिती सत्य असल्यासारखी मान्य करतात. प्रस्तुत लेखाचा रोख या बेरजेविरुद्ध आहे.

साहित्यविषयक पानांवर मोटारीचा विषय कशासाठी, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर असे की जुनी गाडी विकत घेण्यापूर्वी ती पारखणे हा व्यवहार हस्तलिखित पारखण्याच्या व्यवहाराला जितका जवळचा आहे तितका तो नवी गाडी घेण्याच्या व्यवहाराला नाही. मूळ संहिता कोणती, प्रक्षेप कोणता, लेखनिकाची चूक कोणती आणि लेखनिकाची लबाडी कोणती, हे प्रश्न आपल्या परिचयाचे आहेत. या प्रश्नांकडे पाहण्याची जी शिस्त आपल्या विद्याशाखेने मोठ्या कष्टाने कमावली, तिचा मागमूसही मोटारींच्या बाजारात नाही. तिथे अजून ‘मूळ’ या शब्दाची पूजा चालते, आणि पूजा चालते तिथे पुजारीही असतात. असो.

उदाहरण म्हणून जॅग्वार ई-टाइप घेऊ. मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा दाखवली गेली; १९७४ पर्यंत कॉव्हेंट्रीच्या कारखान्यात सुमारे बहात्तर हजार गाड्या तयार झाल्या; त्यांतल्या बहुसंख्य अमेरिकेत गेल्या. करांसकट तिची सुरुवातीची किंमत २,१०० पौंडांच्या आसपास होती, म्हणजे त्या वेगाच्या इतर गाड्यांच्या मानाने ती स्वस्तच होती. हा स्वस्तपणा लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण तो पत्र्यात उतरला आहे. गाडीचा मधला भाग म्हणजे पत्र्याची एक पोकळ पेटी. तिला स्वतंत्र चॅसिस नाही. या पेटीच्या पुढच्या भिंतीला चौकोनी नळ्यांचा एक सांगाडा बोल्टांनी जोडलेला असतो, आणि त्या सांगाड्यावर इंजिन आणि पुढची चाके पेलली जातात. मागे डिफरन्शियल, ब्रेक आणि सस्पेन्शन यांचा मिळून एक वेगळा पिंजरा, रबराच्या ठोकळ्यांवर टांगलेला. रचना देखणी आहे आणि हलकी आहे. पण पाणी साचायला आणि हवा कोंडायला तिच्यात जितक्या जागा आहेत तितक्या जुन्या वाड्याच्या माळवदातही नसतील.

म्हणून ई-टाइप पाहायला जाणाऱ्याने पहिल्यांदा बॉनेटची लांबी आणि रंगाची झळाळी पाहू नये. दरवाज्याखालच्या पट्टीशी गुडघे टेकून बसावे. ही पट्टी, जिला इंग्रज कारागीर ‘सिल’ म्हणतात, शोभेची नाही. गाडीचा कणा म्हणावा तर तीच. ती आतून सडते. बाहेरून ती सडलेली दिसू लागते तेव्हा आत काही उरलेले नसते. पट्टी बदलताना गाडीला आतून आधार दिला नाही, तर पेटी किंचित वाकते आणि त्या वाकण्याची नोंद दरवाज्याच्या फटीत कायमची राहते. वर अरुंद आणि खाली रुंद होत जाणारी फट दिसली की समजावे, इथे कुणीतरी घाईने काम केले आहे. बंद छपराच्या गाडीत छप्पर थोडा ताण घेते. उघड्या गाडीत सगळा भार या पट्ट्यांवर असतो, आणि बाजारात किंमत उघड्या गाडीलाच अधिक मिळते.

मग लोहचुंबक. पत्र्यावर चुंबक फिरवून पुट्टी ओळखण्याची युक्ती आपल्याकडचा कोणताही डेंटिंगवाला सांगेल. परंतु इथे एक मौज आहे. ई-टाइपच्या पत्र्यांचे काही सांधे मूळ कारखान्यातच शिशाने भरून गुळगुळीत केलेले असत. शिशालाही चुंबक चिकटत नाही. म्हणजे अर्धवट शिकलेला ग्राहक जिथे ‘पुट्टी’ म्हणून नाक मुरडतो तिथे कदाचित १९६२ सालच्या कामगाराचा हात असतो, आणि जिथे चुंबक खटकन चिकटतो तिथे गेल्या वर्षी बसवलेला नवाकोरा पत्रा असतो. खूण आणि तिचा अर्थ यांचा संबंध सरळ नसतो, हे वेगळे सांगायला नको.

पुढच्या नळ्यांचेही तसेच. त्या नळ्या आतून गंजतात, आणि पातळ असल्यामुळे त्यांच्यावर ठिगळ लावून भागत नाही; नळी खराब झाली की ती काढून दुसरी बसवणे हाच मार्ग. मागच्या बाजूला, जिथे चाकाला पुढे-मागे हलू न देणाऱ्या दांड्या पेटीला जोडल्या जातात, तिथला पत्रा हाताने दाबून पाहावा. मागचे ब्रेक चाकांपाशी नसून आत डिफरन्शियलला लागून आहेत. तिथली तेलाची सीले गळू लागली की तेल ब्रेकच्या चकत्यांवर येते, आणि ते काम नीट करायचे तर सगळा पिंजरा खाली उतरवावा लागतो. इंजिन थंड असतानाच पाहण्याचा आग्रह धरावा. ‘तुम्ही येणार म्हणून आधीच चालू करून ठेवली’ असे म्हणणाऱ्या विक्रेत्याचे आतिथ्य संशयास्पद मानावे. इंजिन तापल्यावर तीन हजार फेऱ्यांना तेलाचा दाब चौरस इंचाला चाळीस पौंडांच्या जवळपास असावा. पण गाडीतला विजेवर चालणारा दाबमापक विश्वासू नाही, तेव्हा वेगळा यांत्रिक मापक लावून खात्री करून घ्यावी. वरच्या साखळीचा खडखडाट थोडक्यात दुरुस्त होतो. खालच्या साखळीचा असेल तर इंजिन बाहेर काढावे लागते. मैलमापक एक लाखानंतर पुन्हा शून्यावर येतो, तेव्हा त्यावर दिसणारे अठ्ठावीस हजार मैल हे अठ्ठावीस हजार असतील किंवा एक लाख अठ्ठावीस हजार असतील. पावत्यांची फाइल नसेल तर त्या आकड्याला काडीचाही अर्थ नाही.

हे सगळे धातूचे वाचन झाले. ते कष्टाचे आहे, कपडे मळवणारे आहे, आणि त्याने मिळणारे ज्ञान नेहमी अपुरे असते. बाजाराला हे नको असते. बाजाराला एका कागदावर मावणारे उत्तर हवे असते, आणि ते उत्तर म्हणजे ‘जुळणारे क्रमांक’.

कल्पना सोपी आहे. गाडीवर चॅसिसचा, इंजिनचा, गिअरबॉक्सचा आणि बॉडीचा क्रमांक असतो. कारखान्याच्या जुन्या नोंदवह्यांवरून जॅग्वारचा वारसा-न्यास प्रमाणपत्र देतो: अमुक गाडी अमुक दिवशी तयार झाली, रंग हा, इंजिन हे, अमुक विक्रेत्याकडे रवाना. गाडीवरचे चारही क्रमांक कागदाशी जुळले की गाडी ‘मूळ’ ठरते आणि किंमत एकदम वर जाते. इंजिनचा एक क्रमांक जुळला नाही तर ती ‘ठीकच आहे’. प्रमाणपत्र स्वतः प्रामाणिक असते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यातून खरोखरच पुष्कळ कळते. ३.८ लिटरच्या उजव्या स्टिअरिंगच्या उघड्या गाड्यांचे क्रमांक ८५०००१ पासून सुरू होतात, डाव्या स्टिअरिंगच्या ८७५००१ पासून. तेव्हा इंग्लंडात उजवे स्टिअरिंग घेऊन उभ्या असलेल्या गाडीचा क्रमांक ८७५ने सुरू होत असेल, तर ती परदेशातून परत आणून बदललेली आहे. यात पाप काहीच नाही. कॅलिफोर्नियाच्या कोरड्या हवेत राहिलेली गाडी घरच्या ओलीत राहिलेल्या गाडीपेक्षा कमी सडलेली असण्याची शक्यता अधिक. पाप आहे ते हा बदल लपवण्यात.

पण क्रमांक नेमका कुठे कोरलेला असतो? ई-टाइपचा चॅसिस क्रमांक उजव्या बाजूला, शॉक अॅब्सॉर्बरच्या जोडणीच्या वर, पुढच्या सांगाड्याच्या आडव्या चौकटीवर ठोकलेला असतो. म्हणजे मघाशी ज्या नळ्यांविषयी लिहिले, त्यांच्यासारख्याच बोल्टांनी जोडलेल्या आणि गंजणाऱ्या भागावर, समोरून धडक बसली की हमखास वाकणाऱ्या जागी! ज्याला बाजार गाडीचा आत्मा मानतो तो पाना हातात घेऊन दुपारभरात काढून ठेवता येतो. चौकट बदलणाऱ्या प्रामाणिक कारागिरालाही नव्या चौकटीवर जुना क्रमांक ठोकावाच लागतो, आणि तोच हातोडा, तेच ठसे घेऊन बनावट गाडी करणाराही तेच करतो. दोघांच्या कामाचा परिणाम डोळ्यांना सारखाच दिसतो. फरक असतो तो फक्त जुनी चौकट जपून ठेवण्यात, फोटोंत आणि पावत्यांत, म्हणजे सांगण्यात आणि लपवण्यात. अमेरिकेत कॉर्व्हेट गाड्यांच्या बाबतीत ही कला फार पुढे गेलेली आहे: इंजिनच्या पृष्ठभागावरचा जुना क्रमांक घासून काढायचा, कारखान्याच्या यंत्राने उमटणाऱ्या बारीक समांतर रेघा पुन्हा पाडायच्या आणि हवा तो क्रमांक ठोकायचा. क्रमांकाला किंमत आल्याबरोबर क्रमांकांचे कारखाने निघाले. ताम्रपटांचा इतिहास ज्यांनी वाचला आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. जमिनीचा हक्क ताम्रपटावर ठरू लागला तेव्हा बनावट ताम्रपट निघालेच.

बरे, इंजिनच का? त्या काळच्या वापरात इंजिन ही बदलण्याचीच वस्तू होती. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन ‘गोल्ड सील’ नावाने कारखान्यात नव्याने बांधलेली इंजिने विकत असे. एमजीचा मालक आपले झिजलेले इंजिन देऊन ते घेई आणि निर्धास्त होई. त्याने गाडीची काळजी घेतली हा त्याचा आज गुन्हा ठरतो. याउलट ज्याने गाडी शेडमध्ये कोंबडीच्या खुराड्याखाली पंचवीस वर्षे कुजू दिली, त्याचे इंजिन अर्थातच मूळ राहिले, आणि त्याच्या वारसांना चांगला भाव मिळाला. ब्रिटनच्या वाहन-नोंदणी खात्याने या बाबतीत बाजारापेक्षा अधिक शहाणपण दाखवले होते. मोठे फेरफार झालेल्या गाडीने आपला जुना नोंदणी क्रमांक ठेवावा की नाही हे ठरवण्यासाठी तिथे कित्येक वर्षे गुणपद्धती होती. आठ गुण हवेत. चॅसिस किंवा बॉडीच्या पेटीला पाच, सस्पेन्शन, आस, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंग यांना प्रत्येकी दोन, आणि इंजिनला फक्त एक. ऑगस्ट २०२५ मध्ये हे नियम बदलून जुन्या गाड्यांच्या मालकांना अधिक मोकळीक दिली गेली. परंतु त्या जुन्या कोष्टकातला इंजिनचा तो एकुलता एक गुण माझ्या मते बाजारातल्या सगळ्या दरपत्रकांपेक्षा सत्याच्या जवळ होता.

बर्मिंगहॅमजवळ राहणारे आमचे एक स्नेही निवृत्तीनंतर ई-टाइप घेण्याच्या खटपटीत होते. एका विक्रेत्याने त्यांना वीस मिनिटे प्रमाणपत्र आणि इंजिनावरचा क्रमांक दाखवला. गाडी जॅकवर चढवून खालून पाहू का, असे विचारताच त्याचा चेहरा पडला. क्रमांक जुळत असताना आणखी काय पाहायचे, असा त्याचा प्रश्न होता. स्नेह्यांनी गाडी घेतली नाही. सांगायचा मुद्दा विक्रेत्याच्या लबाडीचा नाही. तो कदाचित मनापासूनच बोलत असेल. ज्याला क्रमांक वाचता येतो त्याला गाडी वाचता येते, अशी त्याची श्रद्धा होती.

या श्रद्धेचा कस एकदा न्यायालयात लागला होता, आणि तो निकाल मोटारींच्या शौकिनांपेक्षा साहित्याच्या विद्यार्थ्यांनी अधिक वाचावा असा आहे. ‘ओल्ड नंबर वन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बेंटली स्पीड सिक्स गाडीने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली. दोन्ही वेळा चालकांपैकी एक वूल्फ बार्नाटो होता. पहिल्या वर्षी त्याच्या जोडीला टिम बर्किन, दुसऱ्या वर्षी ग्लेन किडस्टन. शर्यतीची गाडी ती. दर हंगामात तिचे भाग बदलले गेले. १९३२ साली ब्रुकलंड्सच्या शर्यतीत, आठ लिटरचे इंजिन बसवलेल्या अवस्थेत, तिला भीषण अपघात झाला आणि तिचा चालक क्लाइव्ह डन्फी त्यात मरण पावला. बार्नाटोने ती पुन्हा बांधून घेतली, या वेळी बंद छपराची. पुढे अनेक दशकांनी, १९९० मध्ये, ती सुमारे एक कोटी पौंडांना विकण्याचा करार झाला. खरेदीदार कंपनीने नंतर पवित्रा घेतला की ही खरी ‘ओल्ड नंबर वन’ नव्हेच, आणि विक्रेता न्यायालयात गेला.

न्यायमूर्ती ऑटन यांच्यासमोर तज्ज्ञांनी गाडीचा अक्षरशः बोल्ट नि बोल्ट तपासून मांडला. निष्पन्न काय झाले? १९२९ साली शर्यत जिंकलेल्या गाडीचा खात्रीने ओळखता येईल असा एकही भाग तिच्यात उरला नव्हता. १९३० च्या गाडीचे म्हणाल तर पेडलचा दांडा, गिअरबॉक्सचे कवच आणि स्टिअरिंगचा स्तंभ, तेही ‘असू शकतील’ या कोटीतले. बाजाराचा ‘मूळ’पणाचा निकष लावला तर ही गाडी शून्य. आणि तरीही न्यायमूर्तींनी विक्रेत्याच्या बाजूने निकाल दिला. त्यांची भूमिका थोडक्यात अशी: ही गाडी ‘मूळ’ म्हणता येणार नाही, पण ती ‘अस्सल’ आहे. ती कधीही मोडीत निघाली नाही, तिचे भाग एकाएकी बदलले नाहीत. जे नवे आले ते तिच्या चालू आयुष्यात तिच्यात मुरत गेले, आणि या नावावर हक्क सांगू शकेल अशी दुसरी कोणतीही गाडी अस्तित्वात नाही.

मला हा निकाल पूर्णपणे मान्य आहे. मूळ आणि अस्सल यांतला हा भेद आपल्या परंपरेला नवा नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ मधली. एकनाथांनी शके १५०६ मध्ये तिची पाठशुद्धी केली. मधल्या जवळजवळ तीनशे वर्षांत लेखनिकांनी तिच्यात काय काय मिसळले होते हे एकनाथांना ठाऊक होते, आणि आपल्या हाताने शुद्ध झालेली प्रत म्हणजे ज्ञानदेवांच्या डोळ्यांपुढची प्रत नव्हे हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून कुणी ज्ञानेश्वरी ‘अस्सल नाही’ असे म्हणत नाही. विष्णु सुकथनकरांनी भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे संपादन करताना व्यासांचे महाभारत आपण परत आणतो आहोत असा दावा केला नाही. उपलब्ध हस्तलिखितांवरून जितके मागे जाता येते तितके जाऊ, एवढेच त्यांचे म्हणणे होते. आणि जे पाठ वगळले ते त्यांनी जाळून टाकले नाहीत, तळटीपांत आणि परिशिष्टांत छापले. गाडीच्या दुरुस्तीचा आदर्श म्हणून मला याहून चांगले काही सुचत नाही.

निकालाविरुद्ध एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो टाळणे बरे नाही. सतरा‌व्या शतकात हॉब्सने थीसियसच्या जहाजाच्या जुन्या कोड्यात भर घालून विचारले होते: जहाजाची काढून टाकलेली प्रत्येक जुनी फळी कुणी जपून ठेवली आणि त्या फळ्यांचे दुसरे जहाज उभे केले, तर खरे कोणते? मोटारींच्या जगात हा प्रश्न कल्पनेतला नाही. शर्यतीची गाडी मोडते, सांगाडा एकाकडे जातो, इंजिन दुसऱ्याकडे, आणि तीस वर्षांनी दोघेही एकाच क्रमांकाची गाडी उभी करून प्रदर्शनात आणतात. सलगतेचा निकष इथे लंगडा पडतो हे मी मान्य करतो. गाडीचे आयुष्यच जिथे तुटले तिथे सलगता कुणाचीच नाही. पण ‘जुळणाऱ्या क्रमांकां’चा निकष तर इथे अधिकच निरुपयोगी ठरतो, कारण दोघांकडेही क्रमांक आहे. अशा वेळी दोन्ही गाड्यांची कहाणी संपूर्ण सांगणे आणि दोघांनाही पूर्ण किंमत नाकारणे, एवढेच प्रामाणिक माणसाच्या हातात उरते. बाजाराला हे परवडत नाही म्हणून ते चूक ठरत नाही.

आता दुसऱ्या विशेषणाकडे, ‘अगदी नव्यासारखी’कडे वळू. अमेरिकेतली एक विमा कंपनी जुन्या गाड्यांच्या अवस्थेचे चार वर्ग करते. पहिला वर्ग प्रदर्शनातल्या निर्दोष गाड्यांचा, चौथा चालत्या पण डागाळलेल्या गाड्यांचा. दरपत्रक या वर्गांवर बेतलेले आहे आणि ते सोयीचे आहे, हे कबूल. तोट्याचा भाग असा की हे वर्गीकरण पृष्ठभागाला गुण देते. कॉव्हेंट्रीतून निघताना ज्या रंगावर बारीक सुरकुत्या होत्या, ज्या फटी असमान होत्या, ती गाडी आज पुन्हा तशीच रंगवली तर तिला दुसरा वर्ग मिळेल. आरशासारखी घासली तर पहिला. म्हणजे पहिल्या वर्गाची गाडी ही जी कधी नव्हतीच अशी गाडी असते. आपल्या परीक्षापद्धतीवर हसणाऱ्या प्राध्यापकांना यात ओळखीचे काही सापडावे.

अशा पुनर्बांधणीत काय नष्ट होते याची यादी कुणी करत नाही. जुना रंग खरवडला की त्याखालचे थर जातात, आणि गाडी किती वेळा कुठल्या रंगाची होती हा पुरावाच संपतो. मूळ चामड्याच्या जागी नवे चामडे, मूळ वेल्डच्या ठिपक्यांच्या जागी सलग वेल्ड. जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, फिवाने, २०१२ मध्ये ट्यूरिनची सनद स्वीकारली. वास्तूंच्या जतनासाठी १९६४ साली झालेल्या व्हेनिसच्या सनदेचा आदर्श तिच्यापुढे होता. जतन आधी, पुनर्बांधणी अगदीच नाइलाज झाला तर, आणि जे केले त्याची नोंद, असा तिचा आशय आहे. सनद उत्तम आहे. पण किमती ठरवणाऱ्यांपैकी किती जणांनी ती वाचली असेल?

याचा अर्थ गंजलेली नळी तशीच ठेवावी असा कुणी घेऊ नये. ताशी दीडशे मैलांचा दावा करणारी गाडी सडलेल्या पट्ट्यांवर रस्त्यावर आणणे हा जतनाचा नव्हे, मनुष्यवधाचा मार्ग आहे. एमजीबीसाठी १९८८ पासून मूळ साच्यांवर काढलेल्या नव्या पेट्या मिळतात, आणि ज्याची पेटी संपली आहे त्याने ती जरूर बसवावी. बसवली असे सांगावे मात्र. ‘थोडे पत्र्याचे काम केले आहे’ या वाक्याआड संपूर्ण नवी पेटी दडवणारे विक्रेते मी या बाजारातले सर्वांत मोठे गुन्हेगार मानतो. बनावट क्रमांक ठोकणारा निदान मेहनत तरी घेतो.

आणि कारखान्यांविषयी काय बोलावे? १९६३ मध्ये जॅग्वारने अॅल्युमिनियमच्या हलक्या ई-टाइपसाठी अठरा क्रमांक राखून ठेवले. प्रत्यक्षात बाराच गाड्या झाल्या. २०१४ मध्ये कंपनीने जाहीर केले की उरलेले सहा क्रमांक वापरून आता सहा गाड्या बांधू, आणि बांधल्याही. त्यांनी फसवणूक केली असे मी म्हणत नाही. सगळे उघडपणे झाले आणि गाड्या सुरेख झाल्या. परंतु पन्नास वर्षे वहीत कोरा पडलेला क्रमांक गाडीला १९६३ शी जोडतो असे मानणे म्हणजे क्रमांकपूजेचा कळसच. दिवंगत लेखकाच्या वहीत सहा प्रकरणांची नुसती शीर्षके सापडावीत, प्रकाशकाने दुसऱ्याकडून ती लिहवून घ्यावीत आणि कादंबरी ‘पूर्ण’ झाली म्हणावे, तसे हे आहे. याच्या शेजारी दुसरी एक गाडी ठेवून पाहा. फेरारीने १९६२ साली चार लिटरचे इंजिन घालून शर्यतीत उतरवलेली आणि नंतर कारखान्यानेच तीन लिटरचे इंजिन घालून २५० जीटीओच्या स्वरूपात आणलेली गाडी नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात पाच कोटी सतरा लाख डॉलरला गेली. तिचे पहिले इंजिन तिच्यात नाही हे सगळ्यांना माहीत होते. कहाणी पुरेशी मोठी असली की बाजारही आपली अंधश्रद्धा खिशात घालतो, आणि साध्या एमजीच्या मालकाला मात्र तीच अंधश्रद्धा दंड म्हणून भरावी लागते.

तेव्हा गाडी घेणाऱ्याने पैसे कशाचे मोजावेत? माझ्या हिशेबाने सर्वांत आधी सांगाड्याच्या आणि पेटीच्या बळकटीचे, कारण तिथली चूक सर्वांत महाग पडते आणि तिथे दिखाव्याने भागत नाही. त्यानंतर कागदांच्या सलगतेचे: जुन्या पावत्या, मालकांची पत्रे, कामाचे फोटो. ब्रिटनमध्ये वार्षिक तपासणीच्या नोंदी २००५ च्या सुमारापासून संगणकावर आहेत, आणि दोन तपासण्यांमधले मैल पाहिले तरी पुष्कळ कळते. मे २०१८ पासून चाळीस वर्षांवरच्या, मोठे फेरफार न झालेल्या गाड्यांना ती तपासणी सक्तीची नाही. मालकाने तरीही ती स्वेच्छेने करून घेतली असेल तर ती त्याच्या चारित्र्याची नोंद समजावी. इंजिन बदललेले असेल आणि विक्रेता ते आपणहून सांगत असेल, तर किमतीत थोडी घासाघीस करून गाडी घ्यावी. क्रमांक जुळत असतील आणि फाइल कोरी असेल, तर जादा एक पौंडही देऊ नये.

आपल्याकडे जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम आले. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी नाही. नोंदणी आली की प्रमाणपत्रे येतील, प्रमाणपत्रांमागोमाग दर ठरतील, आणि दर ठरले की ठसे ठोकणारेही येतील. पुण्या-मुंबईच्या गॅरेजांत अजून असे म्हातारे मिस्त्री आहेत की ज्यांनी एकाच गाडीवर वीस-वीस वर्षे काम केले आहे आणि कुठला भाग कधी, कशासाठी बदलला हे ज्यांना तोंडपाठ आहे. त्यांच्याकडून ते अजून कुणी लिहून घेतलेले नाही.